टर्की : अखंड पक्षी भाजणे

टर्की हा गॅलिफॉर्मिस गणातील, म्हणजे कोंबडी, मोर, तितर यांच्याच गणातील, पाळीव पक्ष्यांपैकी आकाराने सर्वांत मोठ्यांत गणला जाणारा पक्षी होय. त्याचे शास्त्रीय नाव मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो असे आहे. संपूर्ण पक्षी न तोडता भट्टीत भाजून तो पानावर आणण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ब्रिटन या देशांत रूढ आहे. भारतात ती मुख्यतः नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती कुटुंबांत व मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत आढळते. प्रस्तुत नोंदीत पक्ष्याची थोडक्यात ओळख करून देऊन अखंड पक्ष्याची पूर्वतयारी व तो सुरक्षितपणे भाजण्याची रीत यांचा विचार केला आहे. जे तत्त्व टर्कीला लागू पडते, तेच बदक, हंस किंवा मोठी गावरान कोंबडी अखंड भाजतानाही लागू पडते.

नराचे डोके व मान पिसांविना असून त्यांवर मांसल गाठी असतात. चोचीच्या मुळापासून एक लवचिक मांसल शेंडा लोंबतो व गळ्याखाली लोलक असतो. पक्षी उत्तेजित झाला की हे भाग तांबडे, निळे, पांढरे असे रंग पालटतात. छातीवर राठ केसांसारख्या पिसांचा झुपका असतो. मादी वर्षाला सु. ८० ते १०० अंडी देते. अंड्याचे वजन सु. ८५ ग्रॅ. भरते व ते उबण्यास २८ दिवस लागतात (कोंबडीच्या अंड्यास २१).

इतिहास : स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच मेक्सिकोतील लोकांनी हा पक्षी माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तो स्पेनमध्ये पोहोचला व तेथून यूरोपभर पसरला. त्याच्या नावांतील गोंधळ मोठा मनोरंजक आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावातही ‘हिंदुस्थान’ दडलेले आहे आणि डच भाषेतील ‘काल्कून’ हे नाव कालिकत बंदरावरून आलेले आहे. पोर्तुगीजांनी मात्र त्याला ‘पेरू’ म्हटले. उर्दूतील ‘पीरू’ त्याच्याशी जुळणारा आहे. जो तो पक्षी दुसऱ्याच्या देशाचा समजत होता आणि प्रत्यक्षात तो यांपैकी कोणाच्याच देशाचा नव्हता.

भारतात हा पक्षी गोव्याच्या वाटेने आला. १६१२ मध्ये बादशाह जहांगीर याच्या आज्ञेवरून मुकर्रबखान याने गोव्याहून ज्या दुर्मिळ वस्तू आणल्या, त्यांत एक टर्की होता. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंग पालटणाऱ्या डोक्याचे बारकाईने वर्णन केले असून, उस्ताद मन्सूर या चित्रकाराने रंगविलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे ब्रिटिशांच्या काळात छावण्या व बंगले यांच्या आश्रयाने टर्की देशभर थोड्याफार प्रमाणात पाळला जाऊ लागला. अमेरिकेत नोव्हेंबरमधील आभारदिनाशी त्याचे नाते जुळले. हा दिवस राष्ट्रीय पातळीवर पाळण्याची घोषणा अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये केली.

भारतातील टर्कीपालन : अंडी व मांस यांसाठी पाळल्या जाणाऱ्या भारतीय पक्ष्यांत टर्कीचा वाटा अगदी अल्प आहे. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी विराट’ हा रुंद छातीचा पांढरा वाण पुढे आणला, तर तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाने स्थानिक काळा टर्की आणि अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट यांच्या संकरातून ‘नंदनम टर्की–१’ हा वाण तयार केला. बेल्ट्सव्हिल हा वाण १९३०–४० च्या दशकांत मुद्दाम लहान आकाराचा करण्यात आला होता. लहान कुटुंब, लहान भट्टी व लहान शीतकपाट यांत मावेल असा पक्षी तेथील ग्राहकांना हवा होता. भारतीय स्वयंपाकघराचा विचार करता हा हेतू येथेही तितकाच लागू पडतो.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्याचे ठाणे असलेले वडूज, तसेच माण व सांगलीकडील आटपाडी, जत हा सारा पट्टा कमी पावसाचा. शेतीला शेळ्या, मेंढ्या व परसातील कोंबड्या यांची जोड येथे पूर्वापार आहे. मोकळ्यावर फिरून कीटक, तण व सांडलेले धान्य खाणारा टर्की अशा परसात सहज रमेल असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यास हा उद्योग अंगलट येतो. पहिली म्हणजे कोंबड्या व टर्की एकाच आवारात ठेवणे. हिस्टोमोनास मेलिॲग्रिडिस या आदिजीवामुळे होणारा ‘काळे डोके’ हा रोग कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यात राहणाऱ्या हेटेराकिस कृमीच्या अंड्यांतून पसरतो. ही अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात, गांडुळांच्या पोटातही राहतात. कोंबडीला या रोगाचा फारसा उपद्रव होत नाही. टर्की मात्र मोठ्या संख्येने मरतात.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याच्या पेंडीची. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीची पिले अज्ञात कारणाने दगावली. कारण कळेना म्हणून रोगाला ‘टर्की क्ष’ असे नाव पडले. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडला. तीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष हे मृत्यूंचे कारण होते व त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. धान्य व कडधान्ये यांतील बुरशीविषांचा आजचा सारा अभ्यास या पिलांच्या मृत्यूपासून सुरू झाला असे म्हटले तरी चालेल. हे विष नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही; म्हणून पावसात भिजलेली, कुबट वासाची पेंड पक्ष्यांना घालू नये व गुरांनाही घालू नये. आजारी वा आपोआप मेलेला पक्षी खाण्यासाठी कधीही वापरू नये. तो तालुक्याच्या पशुवैद्यकाला दाखवावा. जिल्ह्यातच शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

अखंड पक्ष्याचा प्रश्न : खटाव–माण भागात कोंबडी कापल्यावर ती गरम पाण्यात बुडवून पिसे काढतात, उरलेली लव कडब्याच्या किंवा चिपाडांच्या जाळावर जाळतात, हळद लावतात आणि मग हाडांसकट तुकडे करून सुके किंवा रस्सा करतात. ‘कोंबडी भाजली’ याचा अर्थ येथे बहुधा लव जाळली एवढाच असतो. तुकड्यांचा रस्सा सुरक्षित असण्याचे कारण सोपे आहे. तुकडा दोन–तीन सेंमी. जाडीचा असतो, भोवती उकळते पाणी असते आणि अर्ध्यापाऊण तासात त्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचतेच. स्वयंपाक करणाऱ्याला त्यासाठी वेगळे काही जाणावे लागत नाही.

अखंड पक्ष्याची गोष्ट निराळी असते. उष्णता मांसातून फार सावकाश आत शिरते. जाडी दुप्पट झाली की मध्य तापण्यास लागणारा वेळ ढोबळमानाने चौपट होतो. शिवाय भट्टीतील हवा पाण्याच्या मानाने उष्णता फार मंदपणे देते. त्यामुळे पाच किग्रॅ.चा टर्की बाहेरून सोनेरी तपकिरी झाला, घरभर वास सुटला, तरी मांडीच्या सांध्यापाशी तो कच्चा असू शकतो. पक्षी झाला की नाही हे डोळ्यांनी ठरविता येते ही समजूतच अखंड पक्ष्याच्या बाबतीत धोक्याची आहे. रंगाचाही भरवसा नसतो. स्नायूतील मायोग्लोबिन या द्रव्यामुळे पूर्ण शिजलेल्या मांसातही हाडालगत गुलाबी छटा राहू शकते; उलट काही वेळा मांस सुरक्षित तापमान गाठण्यापूर्वीच पांढरे दिसू लागते. वाहणारा रस स्वच्छ झाला म्हणजे पक्षी शिजला, ही जुनी खूणही तितकीच अविश्वसनीय आहे.

कच्च्या पक्ष्यावर व त्याच्या पोकळीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे ताप, पोटदुखी व जुलाब होतात. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना हा विकार गंभीर ठरू शकतो. जीवाणूंचा नाश तापमान व वेळ या दोहोंवर अवलंबून असतो. ६० से. तापमानास त्याला सु. अर्धा तास लागतो, ६५ से.च्या आसपास काही मिनिटे पुरतात आणि ७४ से.ला तो जवळजवळ तत्क्षणी होतो. म्हणून मांसाच्या सर्वांत थंड जागी ७४ से. तापमान आले पाहिजे, असा दंडक अमेरिकेच्या कृषी खात्याने घातला असून घरगुती वापरासाठी तोच पाळणे श्रेयस्कर ठरते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा कोंबडी खावी की नाही याविषयी राज्यभर घबराट पसरली होती. त्या रोगाचा विषाणूही या तापमानास टिकत नाही. अर्थात आजारी पक्ष्याला हात लावणे, तो सोलणे यांतील धोका शिजविण्याने टळत नाही.

पक्ष्याची निवड व सफाई : भाजण्यासाठी कोवळा पक्षी लागतो. साधारणतः चार ते सहा महिन्यांच्या पक्ष्याच्या उरोस्थीचे टोक बोटाने दाबल्यास वाकते, पायांची कातडी मऊ असते व नराच्या पायावरील आर आखूड असते. जून नर भाजल्यास चिवट होतो. त्याचा रस्साच करावा. चार–पाच किग्रॅ. वजनाचा सोललेला पक्षी आठ–दहा माणसांना पुरतो व बाजारात मिळणाऱ्या मोठ्या घरगुती भट्टीत मावतो. पक्षी विकत घेण्यापूर्वी भट्टीची उंची मोजून पाहावी. पक्ष्याच्या चहूबाजूंनी हवा खेळली पाहिजे. वरच्या तारेला छाती टेकली तर ती करपते.

जिवंत पक्षी घरी कापावयाचा झाल्यास आधी दहा–बारा तास त्याचा चारा बंद ठेवून फक्त पाणी द्यावे. आतडी रिकामी असली की सफाईत मांस खराब होण्याचा संभव कमी होतो. रक्त पूर्ण वाहू दिल्यावर पक्षी सु. ६० से. तापलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिसे उपटतात. उकळते पाणी वापरल्यास कातडी शिजते व पिसांबरोबर फाटते. शेपटीवरील तेलग्रंथी कापून टाकतात. मानेच्या बुडाशी असलेली अन्नाची पिशवी सोडवून घेतात आणि गुदद्वाराभोवती बेताचा छेद घेऊन आतील अवयव एकसंध बाहेर काढतात. पित्ताशय फुटल्यास सारे मांस कडू होते व आतडे फाटल्यास पोकळी दूषित होते. या दोन ठिकाणी हात जपून चालवावा. फासळ्यांना चिकटलेली फुप्फुसे खरवडून काढावी लागतात, हे नवख्याच्या लक्षात राहत नाही. काळीज, यकृत व पेषणी वेगळी ठेवतात. मोठ्या टर्कीच्या तंगडीतील कंडरा हाडासारख्या कठीण होतात, त्यामुळे पायाचा खालचा भाग तोडताना त्या ओढून काढण्याची पद्धत आहे. सोललेला पक्षी लगेच भाजू नये. मृत्यूनंतर काही तासांत स्नायू ताठरतात व तेव्हा शिजविलेले मांस रबरासारखे लागते. पक्षी त्वरित गार करून चार से. किंवा त्याहून कमी तापमानात निदान एक दिवस ठेवला म्हणजे हा ताठरपणा ओसरतो. सकाळी कापून दुपारी रस्सा करण्याची सवय असलेल्या घरांना हा एक दिवसाचा विलंब अनावश्यक वाटतो. अखंड भाजण्यात तोच मांसाच्या मऊपणाला कारण होतो.

गोठविलेला पक्षी वितळविणे : शहरांत टर्की बहुधा गोठविलेला मिळतो आणि बहुतेक अपघातांचे मूळ तो घाईने वितळविण्यात असते. ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या पक्ष्याचा बाहेरचा थर वितळून खोलीच्या तापमानास येतो, तर आत बर्फ तसाच असतो. ४ ते ६० से. या टप्प्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. बाहेरच्या थरात अशी वाढ होत असतानाच, गाभा गोठलेला असल्याने भाजण्याचा नेहमीचा हिशेबही चुकतो. सुरक्षित पद्धत म्हणजे खोल ताटात ठेवून प्रशीतकाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात वितळविणे. दर सु. २ ते २·५ किग्रॅ. वजनास एक दिवस या हिशेबाने पाच किग्रॅ.च्या पक्ष्यास दोन ते अडीच दिवस लागतात. वितळल्यावर तो आणखी एक–दोन दिवस राहू शकतो. घाई असल्यास गळती नसलेल्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवून ठेवावा व पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे; दर अर्ध्या किग्रॅ.ला अर्धा तास लागतो व वितळल्यावर लगेच भाजावे लागते. हे आकडे थंड देशांतील नळाच्या पाण्यावर बेतलेले आहेत. वडूजसारख्या ठिकाणी हौदातील पाणी बरेच कोमट असते. तेथे पाण्यात बर्फ घातल्याखेरीज ही पद्धत वापरू नये. वीजपुरवठा खंडित होत असेल तर प्रशीतकाचे दार उघडू नये आणि वीज कित्येक तास आली नाही तर पक्षी बर्फात ठेवावा.

धुणे, मीठ व सारण : मांस धुऊनच घ्यावयाचे हा मराठी स्वयंपाकघरातील पक्का संस्कार आहे. घरी कापलेल्या पक्ष्याच्या बाबतीत सफाईचा भाग म्हणून तो योग्यच आहे. सोलून, साफ करून आलेला पक्षी मात्र नळाखाली धरून धुऊ नये. पाण्याच्या धारेने जीवाणू निघून जात नाहीत. ते तुषारांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर व शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर उडतात. कोशिंबीर शिजत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पक्षी कोरड्या कागदाने आतून–बाहेरून टिपून घ्यावा व कागद लगेच टाकून द्यावा. कच्च्या मांसासाठी पाट व सुरी वेगळी असावी आणि हात साबणाने धुवावेत.

मिठाचा उपयोग केवळ चवीपुरता नसतो. मांसाच्या वजनाच्या शंभरास एक या प्रमाणात मीठ आतून–बाहेरून चोळून पक्षी एक ते दोन दिवस प्रशीतकात ठेवल्यास प्रथम मांसातील पाणी बाहेर येते, त्यात मीठ विरघळते आणि हे द्रावण हळूहळू पुन्हा आत शोषले जाते. मिठामुळे स्नायूतील काही प्रथिनांची घट्ट वीण सैल होते व तापल्यावर ती पूर्वीइतका रस पिळून बाहेर टाकत नाहीत. शेवटची रात्र पक्षी उघडा ठेवल्यास कातडी सुकते व भाजल्यावर कुरकुरीत होते. आले–लसूण, हळद, मिरची, दही यांचे वाटण लावण्यास हरकत नाही, पण ते काही मिमी.पलीकडे शिरत नाही. सालीखाली बोटे घालून ते थेट मांसाला चोळणे अधिक फायद्याचे ठरते. साखर किंवा दही जास्त झाल्यास कातडी वेळेआधी करपते. विकत घेतलेला पक्षी आधीच खारविलेला असल्यास पुन्हा मीठ लावू नये.

पोकळीत सारण भरण्याची चाल जुनी आहे. यूरोपात पाव, कांदा व सुगंधी पाने, तर गोव्यातील ख्रिस्ती घरांत मसाल्याच्या सॉसेजचे व बटाट्याचे सारण भरतात. चव उत्तम लागते हे खरे, परंतु कच्च्या पक्ष्याचा रस सारणात झिरपतो आणि ते सर्वांत आत असल्याने सर्वांत शेवटी तापते. सारणाच्या मध्यातही ७४ से. येईपर्यंत थांबल्यास छातीचे मांस कोरडे होते. सारण वेगळ्या भांड्यात शिजविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. पोकळीत अर्धा कांदा, लिंबू, काही मिरी व तमालपत्र घातले तरी पुरे. सारण भरावयाचेच असल्यास ते सैल, ओलसर आणि भट्टीत घालण्याच्या ऐन वेळी भरावे. आदल्या रात्री भरून ठेवू नये.

भाजणे : टर्कीची मुख्य अडचण शरीररचनेत आहे. हा पक्षी चालतो फार व उडतो थोडाच. म्हणून पायांचे स्नायू गडद, मायोग्लोबिन व संयोजी ऊतक यांनी भरलेले असतात, तर छातीचे पांढरे व कोरडे असतात. छाती ७० से.च्या पुढे वेगाने रस गमावू लागते. तंगडीतील कोलॅजनाचे जिलेटिनात रूपांतर होऊन ती मऊ होण्यास मात्र ८० से.च्या आसपास जावे लागते. एकाच भट्टीत एकाच वेळी दोन्ही साधावयाचे असल्याने पुढील साऱ्या युक्त्या निघाल्या आहेत.

भट्टी १६३ से.पेक्षा कमी तापमानावर ठेवू नये, कारण मंद आचेवर पक्षी धोक्याच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतो. पक्षी छाती वर करून पाच–सहा सेंमी. खोलीच्या तसराळ्यात, तारेच्या जाळीवर किंवा कांदा व गाजर यांच्या जाड चकत्यांवर ठेवतात. पंखांची टोके पाठीखाली दुमडतात. कातडीला तूप किंवा लोणी चोळतात. सारणाविना ३·६ ते ५·४ किग्रॅ.च्या पक्ष्यास १६३ से.ला पावणेतीन ते तीन तास, ५·४ ते ६·४ किग्रॅ.ला तीन ते पावणेचार तास आणि ६·४ ते ८·२ किग्रॅ.ला पावणेचार ते सव्वाचार तास लागतात. सारण भरल्यास बहुधा पाव ते अर्धा तास अधिक लागतो. हे आकडे तयारी आखण्यापुरते आहेत, पक्षी झाला हे ठरविण्यासाठी नाहीत. छाती पुरेशी तपकिरी झाली की तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा सैलसर झाकावा. त्यामुळे तंगडीला वेळ मिळतो. वारंवार दार उघडून पक्ष्यावर रस ओतल्याने मांस ओले होत नाही. भट्टी मात्र दर वेळी थंड होते व कातडी मऊ पडते. प्रथम जोराने भाजल्यास रस आत कोंडला जातो, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले व ते पाकपुस्तकांत अद्याप टिकून आहे. प्रयोगांनी ते खोटे ठरविले आहे. जोराच्या आचेने होतो तो रंग व स्वाद यांचा लाभ, कारण सु. १४० से.च्या पुढे पृष्ठभागावरील शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्यात १९१२ मध्ये मायार यांनी वर्णिलेली विक्रिया वेगाने घडते.

तापमापकाला या कामात पर्याय नाही. सळईसारखा तापमापक मांडीच्या सर्वांत आतल्या, पंखाच्या आतल्या व छातीच्या सर्वांत जाड भागात खुपसून पाहावा. टोक हाडाला टेकू देऊ नये; हाडाजवळचे तापमान मांसाचे नसते. तिन्ही जागी किमान ७४ से. दिसले पाहिजे. तापमापकाची परीक्षा चुरलेल्या बर्फाच्या गच्च पाण्यात घ्यावी. तेथे तो शून्य दाखवील. उकळत्या पाण्याची कसोटी घाटमाथ्यावर फसवते, कारण उंचीप्रमाणे उत्कलनबिंदू उतरतो. महाबळेश्वरास पाणी सु. ९५·५ से.लाच उकळते, तेव्हा तेथे १०० न दाखविणारा तापमापक सदोष असतोच असे नाही.

भट्टीतून काढलेला पक्षी वीस ते तीस मिनिटे तसाच ठेवून मग कापावा. एवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत सरकून मध्याचे तापमान थोडे वाढते, रस दाट होतो व सुरीखाली वाहून जात नाही. तसराळ्यात जमलेल्या रसावरील चरबी काढून त्यात पेषणी व मान यांचा काढा घालून दाटसर रस्सा करतात.

लहान भट्टीसाठी पाठीचा कणा कात्रीने कापून काढून पक्षी उघडून सपाट करणे ही रीत सर्वांत सोयीची आहे. जाडी घटल्याने सु. २२० से.ला पाच किग्रॅ.चा पक्षी दीड तासाच्या आसपास होतो आणि तंगड्या बाहेरच्या बाजूस आल्याने छातीबरोबरच शिजतात. पंगतीत अखंड पक्षी मांडण्याचा थाट मात्र जातो. गावातील बेकरीची लाकडाची भट्टी मिळाल्यास पाव काढल्यानंतरच्या उतरत्या आचेत पक्षी ठेवता येतो. पण आच उतरत असल्यामुळे तापमान मोजल्याशिवाय तो काढू नये. रायगड जिल्ह्यातील पोपटीत भांबुर्ड्याचा पाला व वालाच्या शेंगा यांच्यासह मसाला लावलेली कोंबडी मडक्यात घालून मडके पालथे करून भोवती जाळ करतात. मडक्यातील वाफेमुळे उष्णता लवकर आत पोहोचते. ही पद्धत कोंबडीच्या तुकड्यांना किंवा लहान पक्ष्याला योग्य असून टर्कीच्या आकाराला ती पुरी पडणार नाही. उकळत्या तेलात अखंड टर्की तळण्याची अमेरिकेतील चाल घरी अवलंबू नये. अर्धवट गोठलेला पक्षी तेलात पडताच बर्फाची क्षणात वाफ होऊन तेल उसळते व आगी लागतात.

उरलेले मांस : भाजण्याने जीवाणू मेले तरी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या काहींची बीजुके जिवंत राहतात. मांस सावकाश निवत असताना ती रुजतात व वाढतात. हाताळताना लागलेल्या स्टॅफिलोकॉकसने एकदा विष तयार केले तर ते पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून पक्षी भट्टीतून काढल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले मांस हाडांवरून सोडवून उथळ भांड्यांत पसरावे व प्रशीतकात ठेवावे. भोवतालचे तापमान ३२ से.पेक्षा जास्त असल्यास ही मुदत एका तासावर येते. खटाव–माणच्या उन्हाळ्यात कोणत्याही दुपारी तीच मुदत धरावी. नाताळातील थंड रात्र प्रशीतकाचे काम करील या भरवशावर पातेले ओट्यावर ठेवू नये. असे मांस तीन ते चार दिवसांत संपवावे व पुन्हा खाताना ७४ से.पर्यंत तापवावे. हाडांचा सांगाडा पाण्यात दोन–तीन तास मंद उकळल्यास उत्तम काढा मिळतो. तो मोठ्या पातेल्यात तसाच निवू न देता लहान भांड्यांत वाटून थंड पाण्यात ठेवून गार करावा.